दरमहा बाराशे, कोणाचे?

अकरा तारीख, मंगळवार, सकाळपासून मळभ, वारा अजिबात नाही — लिहिलंत? हवामान नको? बरं, नको. मी आपला घरी डायरीत लिहितो, हात वळलाय. तर मुद्दा असा मॅडम — इथे बसलो तर चालेल ना? बसलोच. हे बघा तुमच्या बँकेचं स्टेटमेंट. ही ओळ. ही मागच्या महिन्याची, ही त्याच्या मागची. दरमहा बाराशे, आणि नाव काय, तर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे ‘सर्व्हिसेस’. कसली सर्व्हिस? घरात माणसं किती — मी, बायको आणि मेव्हणा. मी घेतलेली नाही. बायको घेणार नाही, ती मला विचारल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नाही. राहिला कोण?

तेच! मीही तेच म्हटलं. काल जेवताना सरळ तोंडावर म्हटलं. गेले सहा महिने नोकरी शोधतोय म्हणे. शोधतो कसली, दिवसभर कानात ती बोंडं घालून बसतो — मी बोलायला लागलो की हमखास घालतो, योगायोग बघा. त्याने घास खाली ठेवला, ‘भाऊजी, तुमच्या कार्डाला मी हात लावलेला नाही’ म्हणाला आणि बॅग भरून मित्राकडे गेला. आता निर्दोष माणूस असा जातो का? नाही जात. बसतो, माझं ऐकून घेतो.

कार्ड? फ्रिजवरच्या डब्यात असतं, सगळ्यांना माहीत आहे. ओटीपी माझ्या फोनवर येतो — आणि मी तो मोठ्यानं वाचतो. असं बघू नका, आमच्या घरची पद्धत आहे ती. विजेचं बिल, गॅसचं बिल, कोणी काहीही भरत असो, मी असेन तिथून आकडे ओरडून सांगतो, न्हाणीघरातूनसुद्धा. घरात लपवाछपवी नको. खालच्या मजल्यावरच्या बाई मागे म्हणाल्या, आजचा शेवटचा आकडा नीट ऐकू आला नाही — गमत्या आहेत. कशासाठी आलाय ते? ते वाचायला वेळ कुठे असतो हो, आकडे लगेच शिळे होतात!

बायको काय म्हणाली? ती म्हणाली, ‘सांगू का कशाचे आहेत ते?’ मी म्हटलं, थांब, आधी माझं पूर्ण होऊ दे. पूर्ण होईपर्यंत ती भांडी आवरून झोपली होती. आज सकाळी मात्र चहा ठेवताना म्हणाली — आवाज न चढवता, तेच वाईट — ‘बँकेत जा. माझ्या भावाचं नाव निघालं नाही तर त्याची माफी मागा आणि त्याला परत आणा. नाहीतर मीही तिकडेच जाते.’ पंचवीस वर्षांत असं बोलली नव्हती. म्हणजे बोललीही असेल, मी मध्ये बोलत असेन. म्हणून म्हणतो, नीट लिहा. माझं घर आहे त्या एका ओळीवर.

त्या कंपनीचा नंबर दिसतोय तुम्हाला? मग लावा की! विचारा कोणाच्या नावावर आहे. — उचलला? एवढं हळू काय बोलतेय ती, घसा बसलाय का तिचा? — काय? अभ्यासिका? शांत बसायची जागा? बघा, म्हटलं नव्हतं! परीक्षेची पुस्तकं घेऊन जात असेल मेव्हणा, कर्तबगारी माझ्या पैशांवर — बाईचं नाव? कुठल्या बाईचं?

नाही हो, चूक आहे. चार ते सहा बायकोचा शिवणाचा क्लास असतो. तीन महिने झाले. अजून एक उशीचा अभ्रा शिवलेला नाही, पण मी टोकत नाही. खुर्ची कितवी म्हणाल्या? कोपऱ्यातली. आणि वाचते काय तिथे? — काही नाही? नुसती बसते? भिंतीकडे तोंड करून?

अहो, नुसतं बसायला पैसे कशाला लागतात? घरी सोफा आहे, नवा आहे, डोक्यावर पंखा आहे. चार वाजता घरात गोंगाट तरी कोणाचा, मेव्हण्याच्या कानात बोंडं, शेजारी कामावर, मी चारला घरी येतो, म्हणजे घरात असतं कोण तर —

मी असतो.

नाही, तुम्ही लिहा. अनोळखी इसमाने फसवणूक केली, असं लिहा. तुमचं काय जातंय? मेव्हण्यावर येत नाही, तिच्यावर येत नाही, मी घरी जाऊन सांगतो, बँकेचीच चूक निघाली. काय होईल मग? कार्ड बंद. आणि ती खुर्ची? दुसऱ्याला देणार? वेटिंग आहे? नुसतं गप्प बसायला वेटिंग!

त्यांना म्हणावं, बँकेतून फोन आला होता हे माझ्या बायकोला कळू देऊ नका.

एक मिनिट हं, मेव्हण्याला लावतो. — हॅलो. मी बोलतोय. चुकलो. घरी ये. — हो, एवढंच.

द्या तो अर्ज इकडे. सही कुठे करू? इथे? बरं. तक्रार मागे घेतली. कार्ड चालू. दरमहा बाराशे चालू.