फणसाला जामीन

(मे महिन्याची अखेर. वसईतली एक वाडी. हरिश्चंद्र फणसाखाली कोयता उगारून उभे. बायको प्रेमलता केळीची सुकी पानं काढतेय.)

हरिश्चंद्र : ...फुकटचं पाणी प्यालास, खत खाल्लंस, पण एक फणस दिला नाहीस! आज तुला ठेवत नाही! ...अगं, बोल ना!

प्रेमलता : काय बोलू?

हरिश्चंद्र : दरवर्षी मिरगाआधी बोलतेस तेच. ‘नका तोडू, पुढच्या वर्षी धरेल, मी जामीन आहे.’

प्रेमलता : गेल्या वर्षी राहिले जामीन. तोंडघशी पाडलं मेल्यानं. तोडा खुशाल.

हरिश्चंद्र : हळू बोल, तो ऐकतोय! आठळी रुजवून वाढवलाय मी त्याला, तोडीन कसा?

ॲन्सेल्म (शेजारी, कुंपणापलीकडून धावत येत) : हरिश्चंद्रभाऊ! कोयता टाक! वहिनीला काय करू नको!

प्रेमलता : मला नाही हो, फणसाला.

ॲन्सेल्म : आयला! कुंपणापलीकडे ऐकलं ‘तुला ठेवत नाही’, तसा ताटावरून उठून धावलो मी.

हरिश्चंद्र : आलायस तर तू राहा जामीन.

ॲन्सेल्म : मी नाय. नाय धरला तर पुढल्या वर्षी कोयता घेऊन माझ्याच दारात येशील.

हरिश्चंद्र : अरे, मग मी करू काय? कोयता असाच खाली घेतला, तर ह्या झाडाला माझा धाक उरेल?

प्रेमलता : राहते मी. पण एक अट. रविवारी विरारहून उमंग आणि अश्लेषा येतील. सुनेनं चपला काढायच्या आत ‘काय, यंदा गोड बातमी?’ विचारायचं नाही.

हरिश्चंद्र : त्यात काय? मायेनं विचारतो.

प्रेमलता : आता फणसाला विचारत होतात तसंच ना?

ॲन्सेल्म : बरोबर बोलते वहिनी.

हरिश्चंद्र : तू जेवायला जा.

प्रेमलता : गेल्या खेपेला मोरीत नळ सोडून रडत होती पोरगी.

हरिश्चंद्र : रडत होती? मला सांगितलं नाहीस.

प्रेमलता : सांगितलं असतं, तर का रडलीस ते विचारायला गेला असतात.

हरिश्चंद्र : ...बरं. नाही विचारणार.

प्रेमलता : नक्की?

ॲन्सेल्म : वहिनी, झाडाला नाय, पण ह्याला मी जामीन. रविवारी येऊन बसतो बाजूला.

प्रेमलता : मग ठीक. अहो, नका तोडू! धरेल पुढच्या वर्षी! मी जामीन आहे!

हरिश्चंद्र : ऐकलंस रे? हिच्याकडे बघून सोडतो! ...हुश्श. खांदा गेला माझा. धर हा कोयता, आणि शेणखताचं घमेलं दे. पाऊस पडायच्या आत ह्याचं आळं नीट करतो.

प्रेमलता : हे घ्या. आता तोंड का पाडलंत?

हरिश्चंद्र : नाही, पण रविवारी तिच्याशी बोलू काय? दुसरं काही मी तिला कधी विचारलंच नाही गं.