पानामागचा तांबेरा

वच्छलाबाई : अन् ती पानं अंगणात नेऊन जाळली. घरात धूर नको म्हणून. असं काय बघताय? औषध घातलं ना डोळ्यात?

रामकिसन : घातलं. कुठली पानं जाळलीस, वच्छला?

वच्छलाबाई : तुमच्या त्या नेच्याची. तुम्ही पुण्याला ऑपरेशनला गेलात अन् इकडं त्याला तांबेरा पडला. पानामागं तांबूस ठिपक्यांच्या रांगा, बोट लावलं की भुकटी. आमच्या सिल्लोडला गव्हावर असाच पडायचा. लई लागलेली पानं कापून जाळली. बाकीची साबणाच्या पाण्यानं पुसली. गुलमंडीवरून मलमल आणली त्याच्यासाठी, पान फाटायला नको म्हणून. पाठ भरून आली माझी.

रामकिसन : सगळी पुसलीस?

वच्छलाबाई : व्हय, सगळी.

रामकिसन : तांबेरा नव्हता तो.

वच्छलाबाई : मग काय होतं?

रामकिसन : नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही. पानामागं ती भुकटी धरते, तेच त्याचं बी समज.

वच्छलाबाई : अगं बाई.

रामकिसन : आणल्यापासून पहिल्यांदाच धरली होती. मी निघालो तेव्हा ठिपके हिरवे होते. म्हटलं, पिकेपर्यंत येतोच परत, मग पेरू.

वच्छलाबाई : पुढच्या पावसाळ्यात धरंल की पुन्हा.

रामकिसन : आपल्या ह्या कोरड्या हवेत जगलंय तेच खूप. पुन्हा धरेल असं मला वाटत नाही.

वच्छलाबाई : जिथनं आणलं, तिथं नसंल का दुसरं?

रामकिसन : घाटातला तो ओढा रस्त्याखाली गेला. बुजवायला लागले तेव्हाच तर हे उचलून आणलं. नंतर मी किती रानं पालथी घातली, तुला माहितेय. दुसरं रोप दिसलं नाही.

वच्छलाबाई : उन्हाळाभर कूलर त्याच्यापुढं, आपण पंख्याखाली घामाघूम. नळाचं पाणी त्याला सोसत नाय म्हणून पावसाचं पिंपात भरून ठेवलं मी. धुणं अडलं तरी त्यातलं तांब्याभर घेतलं नाय. अन् माझ्याच हातनं व्हावं हे?

रामकिसन : तू जीव लावूनच केलंस.

वच्छलाबाई : फोन करणार होते. म्हटलं, डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या माणसाला कशाला घोर लावायचा. आल्यावर बरं झालेलंच दाखवू. तुम्ही जाताना एवढंच म्हणालात, पाणी घाल, बाकी काही करू नको. का, ते कधी सांगितलंत?

रामकिसन : नाही सांगितलं.

वच्छलाबाई : जन्मभर कॉलेजात पोरांना शिकवलंत. तुम्ही भिंग लावून बसायचात, मी चहा ठेवून मागं उभी ऱ्हायची. एकदा तरी म्हणतील, ये, बघ. लई वाटायचं.

रामकिसन : तुला काय करायचंय ह्यातलं, असंच धरून चाललो मी. वाईट वाटतंय आता. फार वाईट वाटतंय.

वच्छलाबाई : आता काय उपेग.

रामकिसन : टेबलावरचं भिंग आण. मला अजून बारीक दिसत नाही, तूच बघ. पान हलकेच उलटं कर अन् शिरेच्या कडेनं बघत जा. एखादा ठिपका जरी राहिला असेल, तरी पेरता येईल.

(ती भिंग लावून एकेक पान उलटते. बराच वेळ जातो.)

रामकिसन : आहे का गं कुठं?

वच्छलाबाई : नाय हो. लई निगुतीनं पुसलंय मी.