जीप धाकट्याची, कॅरिअर थोरल्याचा

चिंचवडला चाकणच्या बसची रांग. माझ्यापुढं शिफ्ट सुटलेले दोघं. टोपीवाला चिमाजी, कंपनीत वेल्डर, हे त्यांच्या बोलण्यावरनंच कळलं.

“चिमाजीराव, भावाभावांची वाटणी झाली म्हणे?”

“झाली. जीप धाकट्याला, टपावरचा कॅरिअर मला.”

“नुसता कॅरिअर?”

“मीच बनवलाय न्हवं. अँगल कापले, पाइप वाकवले, गोण्या सरकू नयेत म्हनून कडंनं कठडा केला. पंच म्हनले, ज्याचं त्याला.”

“मग घ्या की उतरवून.”

“उतरत न्हाई. वेल्डिंग मारलंय.”

“मग कांदा बाजारात कसा नेता?”

“गोण्या माज्या कॅरिअरवर. गाडी त्यो चालवतो, मी शेजारी बसतो.”

“बोलता एकमेकांशी?”

“न्हाई. भांडण हाय आमचं.”

“पण कॅरिअर बोल्टावर बसवतात. तुम्ही वेल्डिंग कसं मारलंत?”

“बोल्टच व्हते. पंच बसायच्या आदल्या दिवशी वेल्डिंग मारलं.”

“आणि धाकटा गप्प बसला?”

“गप कशाला बसंल? एकेक रॉड त्योच हातात देत व्हता.”