आवाज कमी कर, नयना

तेच तर सांगतेय बाई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या — काल तुम्ही शाळेच्या फाटकाशी म्हणालात ना, ‘नयना बाहेर आलीच नाही’, आणि लगेच पुढे म्हणालात, ‘सकाळचा टीव्ही बंद करा’ — आता या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी होतं, ते तुम्हाला दिसलं आणि मला नाही, आणि मी आपली पंख्याकडे बघत पडले. पंख्याकडेच बघायची सवय लागलीय, तो हलतो का नुसता फिरतो ते बघायची. बसा ना. नाही नाही, तिथे नको, त्या कपाटाखाली नको — इकडे, दाराशी बसा. हसू नका, आमच्या गावात आता असंच आहे, पूर्वी पाहुण्याला आतली खुर्ची द्यायचे, आता दाराजवळची देतात. मान आहे तो. चहा ठेवते. नको? उशीर होतोय? मग पाणी तरी. नयना, आवाज कमी कर, बाई आल्यात. — बघितलंत, ढिम्म नाही. बोर्डीहून एवढ्या लवकर स्कूटीवर आलात तुम्ही, शाळेच्या आधी, आमच्यासाठी वाकडी वाट करून, आणि ही मान वळवून बघत नाही. मला लाज वाटते हो.

नाही, तुमचं बरोबरच आहे. माझं काहीच म्हणणं नाही. परवा जमीन हलली, सगळी मुलं डोक्यावर दप्तर धरून मैदानात आली, तुम्ही शिकवलंय तशी, आणि ही तेवढी आत. तुम्ही परत आत गेलात — तुमचीही मुलं आहेत घरी, तरी गेलात — आणि ही सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून ते कार्टूनचं गाणं म्हणत बसलेली, मोठमोठ्यानं. दंडाला धरून ओढत आणलीत तुम्ही. दंडावर वळ आहे तिच्या — नाही नाही, तक्रार नाही करत, मी त्या वळाला हळद लावली आणि मनात तुमच्या पाया पडले. तुम्ही गेला नसतात तर? वरची कौलं सुटली असती तर? हेच, हेच रात्रभर. आणि मग वाटलं, खरंच टीव्हीमुळे झालं असेल का हे? डोकं बधिर होतं म्हणतात पोरांचं. मोबाईलवर वाचलंय मी, सगळं वाचलंय, शाळेच्या दिवशी सकाळी अजिबात दाखवू नका, लक्ष लागत नाही, भूक मरते. वाचलं की दोन दिवस पाळते. तिसऱ्या दिवशी परत लावते.

आणि गंमत ऐका, चिंचणीला शाळेत असताना मी वक्तृत्वात पहिली आले होते. विषय माहितीय का? ‘दूरदर्शन — शाप की वरदान’. मी शापाच्या बाजूनं. शापाच्या बाजूनं टाळ्या जास्त पडतात. ‘मित्रहो, हा खोका आपल्या मुलांचं बालपण गिळतोय’ — असा हात करून म्हटलं होतं मी, आमच्या मुख्याध्यापकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो तिथे आहे बघा, मांडणीवर, त्यात तूरडाळ असते. आज सकाळी त्यातूनच डाळ काढली आणि डाव्या हातानं टीव्ही लावला. बी.ए. आहे मी बाई, बाल मानसशास्त्राचा एक पेपर होता मला. सांगून ठेवते, उगाच नंतर कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल.

पण मग सकाळ कशी काढायची ते सांगा ना कुणीतरी. नयनाच्या बाबांची, दीपेशची, पहाटेची ड्युटी असते डहाणू रोडला, तो गाडी येते त्या वेळी प्लॅटफॉर्मवर आणि मी इथे. सासूबाई मागच्या कुडाच्या घरात झोपतात, स्लॅबखाली यायला तयार नाहीत. घरात आम्ही दोघीच. टीव्ही लावला की वेणी घालताना मान स्थिर राहते. दूध पिते, भाकरी खाते, काय खातेय ते बघत नाही म्हणून मेथीसुद्धा जाते पोटात. हिंदी बोलायला लागलीय, ते मान्य. परवा आजीला म्हणाली, ‘दादी, सावधान!’ सासूबाईंनी विळा खाली टाकला, त्यांना वाटलं साप आहे. — हसलात ना? मी पण हसले होते. घरात हसण्याचा आवाज बरा वाटतो. नयना, कमी कर गं, ऐकू येत नाही बाई काय म्हणतायत ते!

काय? फडकी? हो, ती — तुमचं लक्ष गेलं वाटतं. गेलंच. प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये एक फडकं, वाट्यांच्या मध्ये पण. काच नाहीये ती, फुटायची भीती नाही. ती वाजतात, बाई. जमीन हलायच्या आधी भांडी वाजतात ना, बारीक, कुणीतरी आत दात वाजवावेत तशी — तुमच्या बोर्डीला इतकं नसेल, तिथे समुद्राचा आवाज असतो. आमच्या चिंचणीलाही समुद्र गाजायचा रात्रभर, पण तो बाहेर गाजतो हो, बाहेर, त्याची त्याला जागा आहे. इथे पायाखाली गाजतं. आधी तो धडाम, खाणीत सुरुंग उडवल्यासारखा, का डंपर रिकामा केल्यासारखा, आणि मग भांडी, आणि मग भिंत. दीपेश म्हणतो, भांडी वाजली की पळायचं, भांडी हीच आपली घंटा. आणि मी घंटेला फडकी बांधली. त्याला सांगितलं, ताटांना चरे पडतात म्हणून. तो बिचारा काय, त्यानं जुनी लुंगी फाडून दिली.

म्हणून टीव्ही. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते — नाही विचारलंत? बरं, तरी सांगते. टीव्हीचा आवाज मोठा असला ना, की तो पहिला धडाम कळत नाही. तिला. तिला कळत नाही, म्हणजे तिच्यासाठीच. लहान पोर आहे, दचकते, मग शाळेत जायला नको म्हणते. मी तिला सांगितलं होतं, ‘टीव्ही चालू आहे ना, मग काही होत नसतं.’ एकदाच म्हटलं होतं. म्हणजे एकदा म्हटलं आणि मग रोज म्हणत गेले. मुलं किती पक्कं धरतात नाही? पाढे धरत नाहीत, आणि हे बरोब्बर.

तुम्हाला खरं सांगू? हिच्या जन्माच्या वेळीच हे जमीन हलायचं सुरू झालं. ओली बाळंतीण होते मी, ही पाळण्यात. सरकारी तंबू मागाहून मिळाले, थंडीत तंबूत राहिलो त्याचं काही नाही, त्याच्या आधीचं सांगतेय. दुपारची वेळ, मी खाटेवर, डोळा लागत होता, आणि पाळणा हलत होता. छान, लयीत. ही झोपलेली. मला वाटलं सासूबाई हलवतायत. मी म्हटलंसुद्धा, ‘बसा हो, दमलात तुम्ही.’ बघते तर पाळण्याशी कुणी नाही. पाळणा हलतोय, बाई. दोरी लोंबतेय, कुणी धरलेली नाही, आणि पाळणा हलतोय, आणि पोर झोपेत हसतेय. बाहेर सगळा पाडा ओरडत होता. सासूबाई अंगणातून हाका मारत होत्या, ‘पोर घेऊन भाईर ये! पोर घेऊन भाईर ये!’ चार पावलांवर पाळणा होता. आता मी — म्हणजे बाळंतीण होते ना, टाके होते, उठणार कशी? शेवटी त्याच आत आल्या, हिला उचललं, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. अजून नाही बोलल्या. चांगल्या आहेत हो त्या. फक्त म्हणतात, ‘हालला तं भाईर यावा, दुसरा काय?’ त्यांना सोपं वाटतं. त्यांचे पाय त्यांचं ऐकतात.

काय म्हणालात? नाही, टाके तर केव्हाच बरे झाले. सात वर्षं होतील.

हे ना? हे काही नाही, तव्याचा चटका. खांद्यावर तवा कसा लागेल म्हणताय — नाही, तुम्ही काही म्हणत नाही, पण बघताय तसं. बरं. मंगळवारी. मंगळवारी सकाळीही हललं होतं ना, तुम्ही तेव्हा घरीच असाल. मी इथे खाली बसून भाकरी थापत होते, माझी शेगडी खालीच असते, मला उभ्यानं भाकरी जमत नाही. हिचा पाट माझ्या शेजारी मांडलेला, तो बघा, त्याचा कोपरा उडालाय. रोज तिथे बसून खाते आणि इथूनच मान वाकडी करून टीव्ही बघते. मंगळवारी उठली आणि टीव्हीजवळ गेली, रिमोट चालत नव्हता म्हणून हातानं आवाज वाढवायला. हिला हे एक वाईट खूळ लागलंय, मध्येच उठते आणि आवाज वाढवते, कानठळ्या बसेपर्यंत, मी ओरडते, ‘बहिरं आहे का घरात कोणी?’ — तर ती तिकडे गेली, आणि वरचा गिलावा आला खाली. हा एवढा तुकडा. पाटावर. थोडा मला लागला, खांद्याला. बसलेली होते म्हणून खांद्यावर निभावलं, उभी असते तर डोक्यात. म्हणजे बघा, टीव्ही नसता तर ती पाटावर असती. कुठल्या मासिकात लिहितील हे? शाप की वरदान, मित्रहो! — सॉरी. मला असं मध्येच हसू येतं, दीपेशला आवडत नाही.

मग? मग काय, थांबलं. थांबतंच. मी उठून हिला बाहेर नेलं — नाही, तेव्हा थांबलं होतं म्हणून नेलं नाही. आधी? आधी गॅस बंद केला... नाही. गॅस तसाच होता. भाकरी काळी झाली, धूर झाला, तेव्हा सासूबाई मागच्या दारानं आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. मी बसले होते. दोन्ही हातांना पीठ होतं ना माझ्या, पिठाच्या हातानं कुठं — आणि दार उघडंच होतं, बाई, आता तुम्ही बसलात तेच दार, मला अंगणातली कोंबडी दिसत होती. दिसत होतं सगळं. फक्त पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. तुम्हाला होतं का असं कधी? नाही ना. तुम्ही तर आत जाता परत.

पण हिला काही कळलं नाही हां त्यातलं. हिची पाठ होती माझ्याकडे. टीव्हीकडे तोंड. ती माझ्याकडे बघतच नाही अशा वेळी, एकदाही मागे वळली नाही. म्हणून तर मी म्हणते टीव्ही बरा, तेवढं तरी लपतं. हिनं आईला तसं बघू नये एवढंच माझं — बाकी मला शिकवायचंय हो तिला, मला वाटतं ती पळावी, सगळ्यांच्या आधी पळावी, हरणासारखी. मी राहिले तरी चालेल. खरंच चालेल. पण ती आत राहिली तर? शाळेत तुम्ही होतात. इथे मंगळवारी कोण होतं?

नाही, रडत नाहीये. धूर आहे. चूल नाहीये, माहितीय मला.

बरं, उठताय? थांबा, तिचं दप्तर देते, तुमच्या स्कूटीवरच न्या आज. आणि तुमच्यासमोरच करते, म्हणजे मला पाळावं लागेल — हा बघा. बंद. उद्यापासून नाही, आजपासून. शाळेच्या दिवशी सकाळी टीव्ही नाही म्हणजे नाही. बघा किती शांत झालं. किती — कोंबड्या ऐकू येतात. चारोटीकडच्या हायवेवरचा ट्रकसुद्धा ऐकू येतो इथे, माहीतच नव्हतं मला. तो ट्रकच आहे ना? हो, ट्रकच.

नयना, ये इकडे. रुसायचं नाही. बाईंसमोर उभी राहा नीट. शाळेत शिकवलंय ना तुला, येतंय ना सगळं? मग सांग बघू बाईंना मोठ्यानं, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल आणि मला पण — जमीन हलली की काय करायचं? माझ्याकडे नको बघू. माझ्याकडे का बघतेस सारखी? बाईंकडे बघ आणि सांग. घर हलायला लागलं की आपण पहिल्यांदा काय करायचं?

“टीव्हीचा आवाज मोठा करायचा,” नयना म्हणाली. “आई उठेपर्यंत.”