चॅम्पियनच्या पाया पडलो तेव्हा

तुम्हाला थाप वाटेल, पण ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या जर्सी सिटीत माझं नाक थोडक्यात वाचलंय. आमचे घरमालक पोलंडचे माजी हौशी बॉक्सिंग चॅम्पियन. दिवाळीला आई म्हणाली, "वडीलधारे आहेत, पाया पड."

त्यांनी दार उघडताच मी झपकन वाकलो. वर बघतो तर नारळाएवढी मूठ नाकापासून बोटभर! हातातला चिवडा सांडला.

"ब्लेसिंग! ब्लेसिंग पाहिजे!" मी किंचाळलो.

म्हातारबुवाही घामाघूम. म्हणाले, "रिंगमध्ये असा वाकलेला प्रत्येक जण माझ्या पोटात ठोसा मारायचा." मग तीच मूठ, न उघडता, माझ्या डोक्यावर ठेवली.

पुढच्या दिवाळीला आईनं पुन्हा आठवण करून दिली.

म्हटलं, "आई, यंदा तू पड."