चंद्रिकाची सुट्टी

फिरदोस : ती चिठ्ठी काउंटरवरनं उचल आधी. गिऱ्हाईक येतात इथं.

श्रीदेवी : लाइट गेलीय, झेरॉक्स बंद, दुपारचे दोन वाजायला आलेत. एवढ्या उन्हाचं कोण येतंय सात रस्ता चौकात?

फिरदोस : नईमभाई येतील जेवून. तुला इथं बघितलेलं त्यांना चालणार नाही. गेल्या वर्षी पोलिस दोनदा आले दुकानात. तेव्हापासून कॉलेजचं नाव काढलं तरी भाई ताटावरनं उठतात.

श्रीदेवी : म्हणजे ओळखलंत की मला.

फिरदोस : चंद्रिकाची बहीण तू. श्रीदेवी. चौकीत आईच्या मागं उभी होतीस, दोन वेण्या घालून. सगळे रडत होते आणि तू नुसती माझ्याकडं बघत होतीस.

श्रीदेवी : अजून बघतेच आहे.

फिरदोस : बघ. तुझा हक्क आहे. पण ही चिठ्ठी कुठनं आली तुझ्याकडं?

श्रीदेवी : काल लायब्ररीच्या पुस्तकात होती. 'तुला चार दिवसांची सुट्टी मंजूर. उद्या दुपारी तीन, मागचं गेट, रिक्षा येईल.' खाली सही नाही. एक बाक काढलाय नुसता.

फिरदोस : नक्को गं. आमचा तो गट, 'शेवटचा बाक', बंद झाला. गेल्या वर्षीच बंद झाला. तीन पोरींना कॉलेजातनं काढलं, हजेरी घेणाऱ्या सरांची बदली झाली, मी स्वतः कॉलेज सोडून इथं झेरॉक्स काढत बसले. कोण चालवणार आता?

श्रीदेवी : ते मला माहीत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? मी त्याच कॉलेजात आहे, दीदी. बी.ए. पहिलं वर्ष. अक्काच्याच हॉस्टेलला.

फिरदोस : आईनं पाठवलं तुला तिथं परत?

श्रीदेवी : अव्वाशी भांडून आले. म्हटलं, आपण घरात बसून राहिलो तर अक्का काय आपोआप येऊन उतरणार आहे का अक्कलकोटच्या स्टँडवर? अव्वा तीन दिवस नीट जेवली नाही. मग चौथ्या दिवशी माझी बॅग तिनंच भरली.

फिरदोस : आणि बाकवाल्यांनी तुला घेतलं? चंद्रिकाची बहीण आहे हे माहीत असून?

श्रीदेवी : माहीत असूनच घेतलं असेल, असं आता वाटायलंय. तेव्हा मला वाटलं होतं, मी त्यांना फसवतेय.

फिरदोस : पहिल्यापासून सांग.

श्रीदेवी : वैदेही म्हणून आहे एक, दुसऱ्या वर्षाची. लई गोड बोलते. मला म्हणाली, इतिहासाच्या तासाला सत्तावन्न नंबर आला की 'येस सर' म्हण, माझी मैत्रीण आजारी आहे. प्रॉक्सी काय, सगळेच मारतात. दुसऱ्या दिवशी दुसरा नंबर. सात प्रॉक्सी झाल्या, मग मला वरच्या मजल्यावर बोलावलं, बंद पडलेल्या लॅबमध्ये. सहा-सात जणी होत्या. म्हणाल्या, आता तुझा नंबर आमचा. तू नसलीस तरी तू आहेस.

फिरदोस : शब्द पण तेच.

श्रीदेवी : तुम्हालाही हेच सांगितलं होतं?

फिरदोस : हौ. आणि खरं सांगू, मला लई आवडलं होतं ते. हसू नकोस. आमच्या घरी पाच मिनिटं उशीर झाला तरी भाई गल्लीच्या तोंडाशी उभे. पहिली सुट्टी मिळाली ना, एका दिवसाची, मी तळ्याकाठी बसून चुरमुरे खाल्ले. बास. एवढंच. वर्गात माझी हजेरी लागत होती आणि मी कुणाचीच नव्हते. एवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. म्हणून पोरी त्यात जातात, श्री. कुणी ओढून नेत नाही.

श्रीदेवी : अक्का पण म्हणून गेली?

फिरदोस : तिनं चार दिवस मागितले होते. नियम असा की कुठं चाललीस हे विचारायचं नाही. जी सुट्टीवर जाईल तिनं फोन ठेवून जायचा, आणि जिच्याकडं फोन असेल तिनं घरच्यांना सांभाळायचं. चंद्रिकानं फोन माझ्याकडं दिला. म्हणाली, अव्वा रोज जेवणाच्या वेळी फोन करते, जास्त बोलत नाही, एवढंच म्हण. कागदावर लिहून दिलं. 'ऊटा आतु, अव्वा.' जेवण झालं, अव्वा. मला कन्नड कुठं येतं? पाठ केलं.

श्रीदेवी : एकेचाळीस दिवस.

फिरदोस : चार दिवसांनी चिठ्ठी आली, सुट्टी वाढवली. मग दर रविवारी. अक्षर तिचंच होतं, मी ओळखते ना. मला वाटलं, कुठंतरी खूश असेल. वर्गात तिच्या नंबरला मी 'येस सर' म्हणायची, फोनवर 'ऊटा आतु'. एकेचाळिसाव्या दिवशी तुझे वडील फी भरायला आले आणि हॉस्टेलच्या खोलीत तिच्या गादीवर धुळीचा थर. पोलिस काय म्हणाले आठवतं?

श्रीदेवी : हजेरी पूर्ण आहे, घरी रोज बोलणं होतं, पोरगी सज्ञान आहे. गेली असेल काल-परवा कुणाबरोबर तरी.

फिरदोस : ती दीड महिन्यापूर्वी गेली होती, आणि कुणी शोधायला निघालं नाही. कारण मी तिला हजर ठेवलं. तू मला मार, शिव्या दे. मी काही म्हणणार नाही. पण आज रिक्षात बसू नकोस.

श्रीदेवी : मी बसणार आहे. चार दिवसांची सुट्टी मीच मागितली. अक्का जिथं गेली तिथं जायचा मला दुसरा रस्ता माहीत नाही. तुमच्याकडं वेगळ्याच कामासाठी आलेय.

फिरदोस : काय काम?

श्रीदेवी : मी चार दिवसांत आले नाही, तर पाचव्या दिवशी चौकीत जाऊन सांगायचं, श्रीदेवी नाहीये. चिठ्ठी आली, अक्षर माझं असलं, घरी फोन लागला, कुणी काहीही दाखवलं, तरी सांगायचं, नाहीये. अक्कासाठी हे कुणी सांगितलं नाही. माझ्यासाठी तुम्ही सांगा.

फिरदोस : चार दिवस कशाला थांबू? तू आत्ता नाहीस असं समजून आत्ताच जाते.

श्रीदेवी : मग ते सावध होतील. परत बाक हलेल दुसरीकडं.

फिरदोस : तुझा चेहरा असा का झालाय? अजून काहीतरी आहे. सांग.

श्रीदेवी : परवा वर्गात एक झालं. मी बसलेच होते, दुसऱ्या बाकावर. सरांनी माझा नंबर घेतला. मी तोंड उघडायच्या आत मागनं कुणीतरी 'येस सर' म्हणालं. सरांनी मान वर न करता पुढचा नंबर घेतला. मागं वळून बघितलं तर सगळ्या खाली मान घालून लिहीत होत्या. सुट्टी मंजूर व्हायच्या आधीची गोष्ट ही. मला हात वर करून सांगावंसं वाटलं की मी इथं आहे. पण सांगता येईना. दीदी, मला तेव्हा लई भीती वाटली.

फिरदोस : ऐक माझं. फोन काढ, घरी लाव आणि सगळं सांग आईला.

श्रीदेवी : फोन नाहीये. सकाळी दहाला वैदेहीनं घेतला. जेवणाच्या डब्यात घालून नेला.

फिरदोस : दिलास? सगळं माहीत असून दिलास?

श्रीदेवी : दिल्याशिवाय रिक्षा येत नाही.

फिरदोस : नंबर सांग आईचा. माझ्या फोनवरनं लावते. नाही म्हणू नकोस, नाहीतर आत्ता शटर ओढून तुला कोंडते इथं.

श्रीदेवी : तुमच्या नंबरवरनं अव्वा उचलणार नाही. आणि तुमचा आवाज ऐकून काय वाटेल तिला?

फिरदोस : शिव्या देईल. ऐकून घेईन. सांग नंबर.

(फोन लागतो. फिरदोस स्पीकर सुरू करून तो काउंटरवर ठेवते.)

दानम्मा : कोन बोलायलंय?

फिरदोस : हॅलो... अव्वा, मी सोलापूरहून...

दानम्मा : तू हायस व्हय.

फिरदोस : मी कोण ते...

दानम्मा : वळखलं. चंद्रीच्या फोनवरनं बोलायचीस ती पोरगी तू. एकेचाळीस दिवस ऐकलाय तुजा आवाज, इसरंल कशी? चौकीत तोंडावर ओढणी घिऊन रडलीस, बोलली न्हाईस. न्हायतर तवाच वळखली असती.

श्रीदेवी : अव्वा, मी श्री. मी इथंच आहे, त्यांच्या दुकानात. एकेचाळीस दिवस ऐकला म्हणजे? तुला माहीत होतं ती अक्का नाही?

दानम्मा : तिसऱ्या दिवशी कळलं. आपली चंद्री 'अव्वा' म्हनताना लांबवती. ही तोडून म्हनायची. आईला कळत न्हाय व्हय?

श्रीदेवी : मग बोलली का नाहीस? अव्वा, कुणालाच का नाही सांगितलंस?

दानम्मा : स्थळावरनं भांडून गेली हुती की माज्याशी. मला वाटलं, माज्याशी बोलायचं न्हाय म्हनून मैत्रिनीला फोन धरायला लावायलीय. राग उतरला की सोता बोलंल. मी बी रागातच हुते. रोज त्या परक्या पोरीला जेवलीस का म्हनून इचारलं आनि ठिवून दिलं. तुज्या अप्पाला बी सांगितलं न्हाय. कुनाला सांगू? माजी पोरगी माज्याशी बोलंना, हे?

फिरदोस : अव्वा, चूक माझी आहे. तुम्ही स्वतःला...

दानम्मा : तुजी हाय. माजी बी हाय. आता रडून काय करायलीस? श्री, तू बोल. तुजा फोन कुनाकडं हाय?

श्रीदेवी : का? तू लावलास?

दानम्मा : मी न्हाय लावला. तितनंच आला. मगाशी, पाऊन वाजता. 'अव्वा, मी श्री, ऊटा आतु.'

फिरदोस : या अल्ला. अजून ही गेली पण नाही.

श्रीदेवी : ती मी नव्हते, अव्वा. फोन सकाळीच दिला मी. आवाज कसा होता? तरुण मुलीचा? वैदेही असेल.

दानम्मा : वैदेही कोन मला ठाऊक न्हाय. ती चंद्री हुती.

श्रीदेवी : अव्वा, नीट आठव.

दानम्मा : काय आठवायचं त्यात? तवा न्हवती ते तिसऱ्या दिवशी कळलं, आता हाय ते पयल्याच शब्दाला कळलं. 'मी श्री' म्हनाली, आनि 'अव्वा' लांबवलं. पोटची पोर हाय माजी.

फिरदोस : श्री, बस. बस त्या स्टुलावर. पाणी घे. आणि माझ्याकडं बघ. फोन तू दहाला दिलास. पाऊणला तो चंद्रिकाच्या हातात होता. म्हणजे ती लांब नाही. इथंच आहे, सोलापुरात. फार तर तासा-दोन तासांच्या अंतरावर.

श्रीदेवी : मग वर्षभर ती... माझ्या वर्गात मागनं जी म्हणाली, 'येस सर'...

फिरदोस : ते आत्ता नको. मला पण विचार करवत नाही त्याचा. सव्वादोन झालेत. शटर ओढते. आधी चौकी. या वेळी मी ओढणी घेणार नाही तोंडावर, आणि त्यांनी ऐकलं नाही तरी तीन वाजता मागच्या गेटवर मी असेन. रिक्षात तू एकटी बसणार नाहीस.

श्रीदेवी : नईमभाई?

फिरदोस : उठू देत ताटावरनं. अव्वा, ऐकताय ना? पोलिसांना तुमच्याशी बोलायला लागेल. फोन जवळ ठेवा.

दानम्मा : फोन घिऊनच निघालेय. अक्कलकोटला जीप लागलीय, तासाभरात पोचते. श्रीचा हात सोडू नगंस, बाई.

फिरदोस : नाही सोडणार.

श्रीदेवी : अव्वा, थांब, ठेवू नको. ओळखलंस तर तू तिला काय म्हणालीस? नाव घेतलंस का?

दानम्मा : भ्याले. नाव घेतलं आनि ठिवून दिलं तर? वरसानं आवाज आलाय. तिच्याजवळ कोन उभं हाय ते मला काय दिसायलंय? 'बरं, श्री' म्हनले. मग उगंच इचारल्यावानी इचारलं, चंद्री बी जेवली असंल का गं?

श्रीदेवी : काय म्हणाली?

दानम्मा : हळूच म्हनाली, अजून न्हाय, अव्वा.