नायलॉनची शाल

बहिणीचं सोयगावहून आलेलं पत्र दोन वर्षं माझ्या एका पुस्तकात पडून होतं. “दादा, आमचं घर तुला नकोसं झालंय का?” एवढंच तिनं विचारलं होतं. शेवटच्या भेटीत माझ्या बोलण्यानं ती रडली होती. पुन्हा काही चुकीचं लिहीन, या भीतीनं मी लिहीतच नव्हतो. परवा औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं कानावर आलं.

“आत्याबाई, हिला धरा जरा. लई दमले मी.”

“नको गं मेघा.”

“महिना झाला, एकदा तरी घेतलं का तुम्ही? पोरगी झाली म्हणून ना?”

“नाय गं माय! माझ्या हातात वीज हाय. नाव ठेवलं त्या दिवशी गालाला बोट लावलं, तर चट्‌दिशी झालं. केवढं रडलं लेकरू!”

“अहो, ती वीज ह्या शालीची. नायलॉनची हाय ना. कोरड्या थंडीत प्लास्टिकच्या खुर्चीला घासली, की वीज अंगावर साठती. मग ज्याला हात लावाल त्याला चटका.”

“मग आता गं?”

“शाल काढा. आधी त्या खिडकीच्या गजाला हात लावा.”

“आई गं! चावला की!”

“उतरली वीज. आता घ्या.”

“खरंच काय व्हणार नाय?”

“घ्या वो.”

“…झोपलीच की गं ही.”

“मग मला बी झोपू द्या दोन मिनिटं.”

घरी येऊन मी बहिणीला चार ओळी लिहिल्या आणि त्या पुन्हा न वाचताच पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.